हार्वेनं मोकळी सोडलेली जागा

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सप्टेंबर महिना होता, पाऊस ओसरत आला होता आणि घराघरांत तापाची साथ होती. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाला डेंग्यू झाला. मुलगा एकवीस वर्षांचा, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. पुण्यातल्या एका रुग्णालयात त्याला दाखल केलं होतं. मी जन्मभर वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, प्रॅक्टिस कधी केली नाही. पण घरात कुणी आजारी पडलं की 'दादाला विचारा' हे ठरलेलं. तेव्हा मीही तिथे जाऊन बसलो होतो.

पाचव्या दिवशी ताप उतरला. भाच्यानं चहा मागितला. बहिणीनं घरी जायच्या तयारीनं पिशव्या भरायला घेतल्या. आमच्याकडे सगळ्यांचं लक्ष प्लेटलेट्सच्या आकड्याकडे. शेजाऱ्यांनी पपईच्या पानांचा रससुद्धा पाठवला होता. पण तिथली डॉक्टर त्याला सोडायला तयार नव्हती. ही मुलगी एकेकाळची माझी विद्यार्थिनी. तिनं मला बाजूला बोलावलं आणि कागद पुढे केला. म्हणाली, "सर, प्लेटलेट्स राहू द्या. हा पीसीव्ही बघा. परवा ४० होता, आज सकाळी ४८ आहे. आता ताप उतरलाय, खरी काळजी आता सुरू होतेय."

पीसीव्ही म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती, हे सांगणारा आकडा. दोन दिवसांत तांबड्या पेशी एवढ्या वाढत नाहीत. आकडा वाढला याचा अर्थ एकच, रक्तातलं पाणी कमी झालं. रक्त घट्ट होत चाललं होतं.

बहिणीला मी हे सांगितलं, तशी ती म्हणाली, "दादा, अरे इतक्या सलाइनच्या बाटल्या चढवल्या. उलट्या नाहीत, जुलाब नाहीत, रक्त कुठून जात नाही. मग हे पाणी जातंय कुठं?"

मी तिला दोन वाक्यांत उत्तर दिलं. पण रात्री व्हरांड्यातल्या बाकावर बसलो असताना तिचा प्रश्न डोक्यातून जाईना. 'जातंय कुठं?' रक्ताभिसरणाचं सगळं शास्त्र याच प्रश्नातून उभं राहिलं आहे. आणि त्याचं उत्तर ज्या जागी दडलं होतं, ती जागा माणसाच्या डोळ्यांना दिसतच नव्हती. त्या जागेची, म्हणजे केशवाहिन्यांची गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे.

दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलन नावाचा थोर वैद्य होऊन गेला. त्याचं म्हणणं असं, की आपण अन्न खातो, त्याचं यकृतात रक्त होतं आणि ते नीलांमधून सगळ्या अंगभर जातं. तिथे ते मांसात मुरतं, खर्ची पडतं. पुन्हा अन्न, पुन्हा नवं रक्त. शेताला पाटाचं पाणी द्यावं तसं. पाटातून गेलेलं पाणी कधी विहिरीत परत येतं का? ते जमिनीत जिरतं. रक्ताचंही तसंच. थोडं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडून डावीकडे जातं, ते मधल्या पडद्यातल्या अतिसूक्ष्म छिद्रांतून, असंही त्यानं सांगून ठेवलं होतं. ती छिद्रं कुणी पाहिलेली नव्हती. पण गेलननं सांगितलं म्हणजे ती असणारच, असं जवळजवळ चौदाशे वर्षं मानलं गेलं.

मधल्या काळात शंका घेणारे निघाले. तेराव्या शतकातले अरब वैद्य इब्न अल-नफीस यांनी स्पष्ट लिहिलं, की तो पडदा भरीव आहे. रक्त उजवीकडून डावीकडे जातं ते फुप्फुसांतून फिरून. त्यांचं हस्तलिखित पुढे कित्येक शतकं विस्मरणात गेलं आणि १९२४ साली एका इजिप्शियन डॉक्टरला बर्लिनमध्ये अभ्यास करताना ते सापडलं. युरोपात मिगेल सर्व्हेटसनं हाच मार्ग एका धर्मविषयक ग्रंथात लिहिला. त्याच्या धर्ममतांपायी १५५३ साली जिनिव्हात त्याला जिवंत जाळलं. रक्ताचं कोडं मात्र तिथेच राहिलं.

ते सोडवलं विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरनं. हार्वेचा जन्म १५७८ चा. शिकायला तो इटलीतल्या पादुआला गेला. तिथे त्याचे गुरू होते फॅब्रिशियस. नीलांच्या आत लहान लहान झडपा असतात, हे त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना दाखवलं होतं. त्या झडपा कशासाठी असाव्यात, याचं गुरुजींचं अनुमान चुकलं. रक्त खाली एकदम साचू नये म्हणून असतील, असं त्यांना वाटलं. हार्वेच्या लक्षात आलं, की या झडपा एकाच दिशेला उघडतात, हृदयाच्या दिशेला. म्हणजे नीलांतलं रक्त अंगाकडे जातच नाही, ते हृदयाकडे येतं.

मग हार्वेनं एक साधा हिशेब मांडला. मला स्वतःला वैद्यकाच्या इतिहासातलं हे पान फार आवडतं, कारण ते चौथीतल्या मुलालाही समजेल. हृदयाच्या एका ठोक्याला समजा अर्धा औंस रक्त बाहेर पडतं. अर्ध्या तासात ठोके पडतात हजाराच्या वर. म्हणजे अर्ध्या तासात पाचशे औंस रक्त, आजच्या मापानं सुमारे पंधरा किलो. आणि माणसाच्या अंगात रक्त असतं किती? पाच लिटरच्या आसपास. आता एवढं रक्त दर अर्ध्या तासाला यकृत बनवणार कशातून? माणूस दिवसभर नुसता जेवत बसला तरी जमायचं नाही. आणि गेलेलं रक्त मुरतं म्हणावं, तर अंग फुगून फुटेल. तेव्हा मार्ग एकच. तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरत असलं पाहिजे. हार्वेनं अंदाज मुद्दाम कमी धरला होता. आज आपल्याला माहीत आहे, की विश्रांतीच्या वेळीसुद्धा हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त ढकलतं. म्हणजे अंगातलं सगळं रक्त मिनिटाला एक फेरी करतं.

नुसत्या हिशेबावर तो थांबला नाही. त्यानं माणसाच्या दंडाला पट्टी बांधून पाहिलं. फार आवळून बांधली की हात पांढरा पडतो, गार होतो, मनगटाची नाडी लागत नाही. कारण खोलवरच्या रोहिणी दाबल्या गेल्या, रक्त येणंच बंद झालं. पट्टी जराशी सैल केली, की हात लाल होतो आणि नीला टरारून फुगतात. कारण आता रोहिणीतून रक्त येतंय, पण वरवरच्या नीलांतून परत जाऊ शकत नाही. तुम्ही रक्त तपासायला जाता तेव्हा दंडाला रबरी पट्टा बांधतात आणि मूठ आवळायला सांगतात, तो हार्वेचाच प्रयोग. हातात आलेलं रक्त रोहिणीतून आलं आणि नीलांत साठलं. म्हणजे हाताच्या टोकाशी कुठेतरी ते एकातून दुसऱ्यात गेलं.

कुठे गेलं? कसं गेलं? इथे हार्वेपाशी उत्तर नव्हतं.

१६२८ साली त्याचं पुस्तक फ्रँकफर्टला छापलं गेलं. जेमतेम ७२ पानांचं, लॅटिनमधलं. त्यात रोहिणी आणि नीला यांना जोडणारी जागा मोकळीच आहे. रक्त मांसातल्या छिद्रांतून पाझरत असावं, एवढंच तो म्हणतो. पुढे त्यानं यकृत, प्लीहा, मूत्रपिंड अशी इंद्रियं उकडून, सुईनं त्यांचं मांस खरवडून आतले धागे मोकळे केले आणि रोहिणी नीलेला मिळते का ते पाहिलं. मिळालेली दिसली नाही. तसं त्यानं प्रामाणिकपणे लिहूनही टाकलं. विरोधकांना हे आयतंच सापडलं. गेलनची छिद्रं दिसत नाहीत म्हणून तुम्ही हसता, मग तुमची छिद्रं तरी कुणी पाहिलीत? प्रश्न रास्त होता.

पण दोघांत एक फरक होता. गेलनची छिद्रं मानली नाहीत तर त्याची उपपत्ती कोसळत होती, म्हणून ती मानायची. हार्वेच्या बाबतीत मोजमाप आधी झालं होतं. एवढं रक्त जातं, एवढंच परत येतं, तेव्हा मध्ये रस्ता असलाच पाहिजे. डोंगराच्या अलीकडे आगगाडी आत शिरते आणि पलीकडे तीच गाडी बाहेर येते, तर बोगदा दिसत नसला तरी आहे म्हणायला हरकत नाही. हार्वेचा मोठेपणा मला इथे वाटतो. त्यानं ती जागा कल्पनेनं भरून काढली नाही. पुस्तक छापल्यावर त्याच्याकडे येणारे रोगी कमी झाले, लोक त्याला चक्रम म्हणू लागले, असं त्याच्या ओळखीच्या जॉन ऑब्रीनं लिहून ठेवलं आहे. यादवी युद्धात त्याच्या घरातले कागदपत्र लुटले गेले. १६५७ साली तो वारला. तोवर त्याचं म्हणणं बऱ्याच जणांनी मान्य केलं होतं, पण तो मधला रस्ता त्याला पाहायला मिळाला नाही.

अवघी चार वर्षं! १६६१ साली तो रस्ता दिसला.

पाहणाऱ्याचं नाव मार्सेलो माल्पिगी. इटलीतल्या बोलोन्याजवळ एका शेतकरी कुटुंबात जन्मलेला. जन्मसाल १६२८, म्हणजे हार्वेच्या पुस्तकाचंच. तेहतीस वर्षांचं पुस्तक आणि तेहतीस वर्षांचा माणूस, असा तो योग होता. एव्हाना सूक्ष्मदर्शक यंत्रं आली होती, पण बहुतेक हौशी मंडळी त्यातून पिसवा आणि माशीचे डोळे पाहण्यात रमली होती. माल्पिगीनं ते यंत्र फुप्फुसाकडे वळवलं. मोठ्या जनावरांची फुप्फुसं पाहिली. काही स्पष्ट होईना. मांस जाड, त्यात रक्ताचा लाल रंग, प्रकाश आरपार जात नाही. मग तो बेडकाकडे वळला.

बेडकाचं फुप्फुस म्हणजे पातळ, जवळजवळ पारदर्शक पिशवी. जिवंत बेडकात त्यानं रक्त वाहताना पाहिलं. रोहिणीतून फुटून बारीक बारीक होत जाणारं. पण टोकाला ते उघड्यावर सांडतं की नळीतूनच पुढे जातं, हे कळेना. आधी त्याला वाटलं, सांडत असावं. मग फुप्फुस फुगवून वाळवलं आणि भिंगाखाली धरलं. रक्त त्यात जागच्या जागी वाळलेलं होतं, आणि त्याचं स्पष्ट जाळं दिसत होतं. सलग नळ्यांचं जाळं. एका बाजूला रोहिणी, दुसऱ्या बाजूला नीला. रक्त कुठेही सांडत नव्हतं. हे सगळं त्यानं पिसाला राहणाऱ्या आपल्या बोरेल्ली नावाच्या मित्राला दोन पत्रांत कळवलं, तीच पत्रं छापली गेली. या कामापायी आपण बेडकांचा जवळजवळ वंशच बुडवला, अशी गमतीदार कबुलीही त्यात आहे.

आपल्याला वाटेल, माल्पिगीला लोकांनी डोक्यावर घेतलं असेल. लंडनच्या रॉयल सोसायटीनं घेतलंही. पण गावातले प्राध्यापक त्याच्यावर उलटले. असल्या बारीकसारीक गोष्टी पाहून रोग्याला काय फायदा, हा त्यांचा सवाल. १६८४ साली त्याचं घर आगीत सापडलं आणि सूक्ष्मदर्शक, कागदपत्र सगळं गेलं. तरी तो काम करत राहिला.

दरम्यान हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात लेवेनहुक नावाचा एक कापडाचा व्यापारी स्वतः भिंगं घासून त्यातून दिसेल ते पाहत होता. १६८८ साली त्यानं बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत रक्ताचं अभिसरण पाहिलं. रोहिणी आणि नीला या दोन वेगळ्या चिजा नाहीतच, एकच नळी हृदयापासून दूर जाते तोवर तिला रोहिणी म्हणायचं आणि परत फिरली की नीला, असं त्यानं कळवलं. हार्वेचं वर्तुळ आता डोळ्यांदेखत पूर्ण झालं.

या नळ्या आहेत तरी केवढ्या? आपण त्यांना केशवाहिन्या म्हणतो, पण हे नाव फसवं आहे. डोक्याचा केस त्यांच्यापेक्षा दहापट जाड भरेल. त्यांची रुंदी मिलिमीटरच्या एक हजाराव्या भागाच्या पाच ते दहा पट. तांबडी पेशी स्वतःच सात-आठ हजारांश मिलिमीटरची. म्हणजे कित्येक ठिकाणी तिला अंग चोरून, दुमडून जावं लागतं, एकामागे एक. नळीची भिंत एका पेशीच्या जाडीची. महारोहिणीत सेकंदाला वीसेक सेंटिमीटर धावणारं रक्त इथे सेकंदाला मिलिमीटरभरही सरकत नाही. याचं कारण शेतकऱ्याला सांगावं लागणार नाही. कालव्याचं पाणी वेगात असतं, तेच पाणी शेकडो सऱ्यांत सोडलं की रांगायला लागतं. सरी एकेक लहान, पण सगळ्यांची मिळून रुंदी कालव्याच्या कितीतरी पट. हे रांगणंच कामाचं. तांबड्या पेशीला साधारण सेकंदभर सवड मिळते आणि तेवढ्यात प्राणवायू बाहेर पडून शेजारच्या पेशींत जातो. हृदयाचा सगळा खटाटोप असतो तो या एका सेकंदासाठी.

पण भिंत इतकी पातळ, तर पाणी बाहेर का निघून जात नाही? बहिणीचा प्रश्न हाच, फक्त उलटा. याचं उत्तर दिलं लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंगनं, १८९६ साली. 'हॉर्मोन' हा शब्द आज घरोघरी बोलला जातो, तोही १९०५ साली यानंच रूढ केला.

स्टार्लिंगचं म्हणणं आपल्या स्वयंपाकघरात समजेल. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं. मीठ पाण्याला ओढून घेतं. रक्तातली प्रथिनं अशीच पाण्याला धरून ठेवतात. केशवाहिनीच्या भिंतीतून पाणी आणि क्षार ये-जा करतात, पण प्रथिनांचे कण मोठे, ते बहुतांशी आतच राहतात. हृदयाचा दाब पाण्याला बाहेर ढकलतो, प्रथिनं आत ओढतात. या रस्सीखेचीवर आपल्या अंगातला ओलावा ठरतो. मूत्रपिंडाच्या काही आजारांत लघवीवाटे प्रथिनं निघून जातात, किंवा मुलाला खायला पुरेसं मिळत नाही, तेव्हा ही ओढ कमी पडते आणि अंगावर सूज येते. पायावर बोट दाबलं की खळगा राहतो, तो यामुळे.

त्यानंतरचं मोठं नाव डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रो यांचं. स्नायू काम करायला लागला की त्याला प्राणवायू कितीतरी पट जास्त लागतो. तो पोचतो कसा? क्रोंनी गणित मांडलं. त्यासाठी कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले गणिती अर्लांग यांनी सूत्र तयार करून दिलं. मग जनावरांच्या रक्तात काळी चित्रकलेची शाई सोडून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या मोजल्या. विश्रांतीतल्या स्नायूत थोड्याच भरलेल्या दिसल्या, काम केलेल्या स्नायूत भरपूर. म्हणजे गरजेप्रमाणे त्या उघडतात आणि मिटतात, असा त्यांनी निष्कर्ष काढला. १९२० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांची पत्नी मारी स्वतः डॉक्टर आणि संशोधक होती, आणि तिला मधुमेह होता. १९२२ साली दोघं अमेरिकेला गेली असताना क्रो टोरांटोला गेले आणि नुकत्याच सापडलेल्या इन्सुलिनचं तंत्र डेन्मार्कला घेऊन आले. पुढे कळलं, की मधुमेह सर्वांत जास्त छळतो तो डोळ्यांतल्या आणि मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्यांनाच. मधुमेह्यांना दरवर्षी डोळ्यांचा पडदा तपासायला सांगतात, त्याचं कारण हे.

क्रोंच्या १९२२ च्या पुस्तकात एक आकडा आहे. माणसाच्या स्नायूंतल्या सगळ्या केशवाहिन्या एकापुढे एक जोडल्या तर एक लाख किलोमीटर होतील, पृथ्वीला अडीच प्रदक्षिणा. हा आकडा मी दरवर्षी पहिल्या तासाला सांगायचो. मुलं आ वासून ऐकायची. मलाही बरं वाटायचं.

आता त्या रात्रीकडे परत येतो. बाराच्या सुमाराला ती डॉक्टर फेरी संपवून माझ्या शेजारी येऊन टेकली. भाच्याची लघवी मोजली होती, नाडी मोजली होती, सलाइनचा वेग हिशेबानं बदलला होता. मी सहज म्हटलं, "शेवटी स्टार्लिंगच कामाला आला." ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "सर, राग मानू नका. तुम्ही फळ्यावर काढायचात ना, डावीकडे बाहेर जाणारा बाण आणि उजवीकडे आत येणारा? तो उजवीकडचा बाण आता पुसायला हवा."

मी तीस वर्षं तो बाण काढला होता. केशवाहिनीच्या सुरुवातीला पाणी बाहेर जातं, शेवटाला बहुतेक सगळं परत आत येतं, उरलेलं थोडं लसिकावाहिन्या गोळा करतात. प्रश्नपत्रिका मी काढली, उत्तरं मी तपासली, बाण विसरला म्हणून गुण कापले. घरी येऊन वाचलं. ती बरोबर होती. केशवाहिनीच्या आतून साखर आणि प्रथिनं यांचा एक नाजूक, लोकरीसारखा थर असतो. त्याला ग्लायकोकॅलिक्स म्हणतात. प्रथिनांची जी ओढ स्टार्लिंगनं सांगितली, ती या थराच्या आतबाहेर काम करते. त्यामुळे शरीराच्या बहुतेक भागांत पाणी सतत थोडं थोडं बाहेरच जात असतं. केशवाहिनीच्या शेवटाला ते परत शिरत नाही. आतडी, मूत्रपिंड अशा काही ठिकाणी शिरतं. एरवी ते परत येतं लसिकेच्या वाटेनं. साधारण २०१० पासून हे चित्र मान्य होत गेलं आहे.

बाकीचंही त्याच वाचनात निसटलं. क्रोंचा एक लाख किलोमीटरचा आकडा पन्नास किलो स्नायू असलेल्या माणसाचा होता, आणि केशवाहिन्यांची दाटीही त्यांनी जास्त धरली होती. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या फेरहिशेबात ही लांबी नऊ ते एकोणीस हजार किलोमीटर निघाली. प्रदक्षिणा अडीच सोडा, अर्धीही होत नाही. आणि विश्रांतीतसुद्धा बहुतेक केशवाहिन्यांतून रक्त वाहतच असतं, त्या मिटून बसत नाहीत, असं आता दिसतं.

खरं सांगतो, पहिले दोन दिवस मला वाईट वाटलं. इतक्या मुलांना मी चुकीचं शिकवलं. मग हार्वेची आठवण झाली. त्याच्या पुस्तकातला हिशेब अंदाजाचा होता, आणि एक जागा मोकळी होती. तरी ते पुस्तक टिकलं, कारण काय मोजलं आणि काय दिसलं नाही, हे दोन्ही त्यानं वेगवेगळं लिहिलं. मी फळ्यावर सगळंच सारख्या पक्क्या खडूनं लिहीत होतो. शिकवणाऱ्याचा हा दोष. स्टार्लिंगची ओढाताण खरी आहे, क्रोंची मोजणी प्रामाणिक आहे. चूक झाली ती आमच्यासारख्यांची; ती वाक्यं शेवटची समजून आम्ही पाठ करून घेतली.

आणि गेलनबद्दलही मला थोडं मऊ वाटायला लागलं. रक्त फिरत नाही, हे त्याचं चुकलंच. पण टोकाशी काहीतरी जमिनीत मुरतं, ही त्याची पाटाच्या पाण्याची कल्पना अगदीच टाकाऊ नव्हती. पाणी मुरतं, आणि निचऱ्याच्या चरांतून पुन्हा मूळ प्रवाहाला मिळतं.

डेंग्यूमध्ये बिघडतं ते नेमकं हेच. विषाणू आणि त्याच्याशी झुंजणारं आपलंच शरीर यांच्या धुमश्चक्रीत केशवाहिन्यांच्या भिंती आणि आतला तो थर सैल पडतो. पाण्याबरोबर प्रथिनंही बाहेर पडतात. पाणी साचतं पोटात, छातीत. आत रक्त घट्ट होतं, दाब पडू लागतो. हे घडतं बहुधा ताप उतरण्याच्या सुमाराला, जेव्हा घरची मंडळी पिशव्या भरत असतात. ही गळती टिकते एक-दोन दिवस. तेवढा काळ मोजून-मापून पाणी देत रोग्याला सांभाळायचं असतं. नंतर भिंती सावरतात आणि बाहेरचं पाणी आपोआप रक्तात परतू लागतं. त्या वेळी सलाइन चालूच ठेवलं तर तेच पाणी फुप्फुसांना जड जातं. कमी दिलं तरी धोका, जास्त दिलं तरी धोका.

सातव्या दिवशी पीसीव्ही ४१ वर आला. भाचा दोन दिवसांनी घरी गेला. निघताना बहिणीनं पुन्हा विचारलं, "दादा, ते पाणी शेवटी गेलं कुठं होतं?" या वेळी मी दोन वाक्यांत उत्तर दिलं नाही. आधी एवढंच म्हटलं, की त्यातलं बरंच माहीत आहे, थोडं अजून शोधणं चालू आहे. मग गाडीत बसल्यावर हार्वेपासून सुरुवात केली. तोवर आमचं घर आलं होतं, आणि गोष्ट बेडकापर्यंतच पोचली होती.